उरलेले सात व्होल्ट

शनिवार, दुपारचे तीन

प्रिय ठकू,

या पत्रासोबत एक पार्सल आहे. ते तू आधीच उघडलं असशील, कारण धीर धरणं तुला लहानपणापासून जमलेलं नाही. आत तुझ्या बाबाचा बटणांचा पत्र्याचा डबा दिसेल. बटणं काढून घेतली आहेत, उगाच कानाशी हलवून बघू नकोस. एका बाजूनं लाल आणि काळी वायर बाहेर आली आहे, ती बॅटरीला. दुसऱ्या बाजूनं बारीक करडी वायर आहे, ती तुझ्या रेकॉर्डरला. बारा व्होल्ट आत, पाच बाहेर. पण लगेच जोडू नकोस. आधी पत्र शेवटपर्यंत वाच आणि मग काय ते ठरव. दोन वर्षांत मी तुला एक ओळ लिहिली नाही. तूही बाबाला फोन केलास की शेवटी, आत्या बरी आहे ना, एवढंच विचारतेस, शेजारीण विचारते तसं. मी इकडून ओरडून सांगते, बरी आहे म्हणावं. तो तेच तुला सांगतो आणि फोन ठेवतो.

तर आत्या खरंच बरी आहे. तुझ्या आईला आता दवाखान्यात सकाळची ड्यूटी मिळाली आहे, त्यामुळे संध्याकाळी घरात माणसं दिसतात. तुझ्या बाबानं, म्हणजे आमच्या धाकट्यानं, नवा चष्मा केला आणि बटणांची काजं पूर्वीपेक्षा सरळ यायला लागली. जुनी सगळी वाकडी होती हे मात्र तो कबूल करत नाही. आमच्या दोघांच्या दुकानांमधली प्लायवूडची भिंत अजून तशीच आहे. माझ्याकडून त्याच्याकडे सोल्डरचा धूर जातो आणि त्याच्याकडून माझ्याकडे इस्त्रीची वाफ येते. हिशेब बरोबर. माझा हात अजून स्थिर आहे, सुईच्या टोकाएवढा टाका लावताना थरथरत नाही. दुपारी काउंटरवर ऊन येतं, कोणी तरी रेडिओ घेऊन येतं, बसतं, रेडिओपेक्षा स्वतःचंच जास्त सांगतं. मला एकूणात तक्रार करायला जागा नाही. एकच गोष्ट सलते. धाकटा परवा बोलता बोलता म्हणाला की या मोसमात पाणथळीवर पक्ष्यांचे आवाज टिपायला कोण जाणार त्याची यादी महिनाअखेरीस ठरते, आणि गेल्या वर्षीसारखंच तुझं नाव त्यात धरलेलं नाही. तुला कपाटं आणि नोंदवह्या सांभाळायला बसवलंय. हे ऐकल्यावर मी त्या दिवशी काही जेवले नाही, आणि मी न जेवणं म्हणजे काय ते तुला माहीत आहे.

शाळा सुटली की तू माझ्याकडे यायचीस, आठवतं? आई ड्यूटीवर आणि बाबा शिलाईत बुडालेला. माझ्या टेबलाखाली तुझं खोकं होतं. त्यात तुटके स्पीकर, रिकामी बॉबिनं आणि एक बिनकाट्याचा मीटर. आठ वर्षांची असशील, तेव्हा मी एका गिऱ्हाइकाच्या टेपसाठी पहिल्यांदा तुझ्यादेखत असली डबी केली. मोटारीची बॅटरी बाराची आणि टेपला हवेत पाच. तीन पायांचा एक तुकडा ॲल्युमिनियमच्या पट्टीवर बसवायचा, झालं काम. तू हनुवटी टेबलाला टेकवून सगळं बघितलंस आणि विचारलंस, आत्या, पाच टेपला गेले, मग उरलेले सात कुठे गेले? माझ्या हाताखाली शिकून गेलेल्या तीन माणसांपैकी एकानंही मला ते विचारलं नव्हतं. मी तुझं बोट धरून त्या पट्टीला लावलं. तू हाय म्हणून हात मागे घेतलास, आणि मग हसून परत लावलास. तो तुकडा वरचे सगळे व्होल्ट स्वतःच्या अंगावर घेतो आणि तापतो, पुढे जाऊ देत नाही. तुला ते इतकं आवडलं की आठवडाभर तू घरी येणाऱ्या प्रत्येकाला उरलेले सात कुठे जातात ते विचारत होतीस, आणि आलेला माणूस घाबरून चहा न पिताच उठत होता.

म्हणून तू आवाजाच्याच कामाला लागलीस याचं मला नवल वाटलं नाही. अभिमान वाटला आणि तो मी चारचौघांत मिरवला. बाजारात मला सगळे कानवाल्या बाई म्हणतात, आणि कानवाल्या बाईंची भाची पक्ष्यांचे आवाज टिपते हे मी भाजीवाल्यापासून पोस्टमनपर्यंत सगळ्यांना सांगितलं. तुला पहिली डबी करून दिली ती तसलीच, तापणारी. आवाज अगदी स्वच्छ, पण बॅटरीतली निम्म्याहून जास्त वीज पट्टी तापवण्यातच जायची. दोन-दोन बॅटऱ्या खांद्यावर घेऊन तू चिखलातून जायचीस. एकदा घरी आलीस तेव्हा खांद्यावर पट्ट्याचे वळ बघितले मी. तू काही म्हणाली नव्हतीस, मलाच राहवेना. म्हटलं, पोरीला हलकं काही तरी करून देऊ.

आणि ती दुसरी डबी केली. ही जात वीज जाळत नाही, तोडते. सेकंदाला लाख-दोन लाख वेळा चालू-बंद करायचं आणि ते तुकडे कॉइलनं सांधून सलग पाच व्होल्ट द्यायचे. तापत नाही, बॅटरी दुप्पट चालते. मी घरी जेवणाच्या टेबलावर ती रेडिओला जोडून तासभर ऐकली. स्वच्छ. तू निघायच्या दिवशी सकाळी ती तुझ्या हातात दिली. तू बूट घालता घालता म्हणालीस की एकदा रेकॉर्डरला लावून तपासून घेऊ का. गाडीला वेळ होता, ठकू. चांगला अर्धा तास होता. मी म्हणाले, मी ऐकलंय ना, मग झालं. तू मान डोलावलीस आणि डबी पिशवीत टाकलीस. माझ्या शब्दावर तू तोवर कधी शंका घेतलेली नव्हतीस.

पुढचं तुला मी काय सांगणार? रेकॉर्डर गवतात ठेवून यायचा आणि तीन आठवड्यांनी काढायचा, अशी तुमची कामाची पद्धत. तो अंगठ्याएवढा गवतातला पक्षी वर्षात तेवढेच तीन आठवडे पहाटे बोलतो, आणि त्याच्याचसाठी तुला पाठवलेलं. तू परत आलीस ती थेट दुकानात, बूटसुद्धा चिखलाचे. हेडफोन माझ्या कानांवर ठेवलेस. मी डोळे मिटून ऐकलं. वारा होता, पाणी होतं, लांब कुठे तरी बेडूक होते. तू म्हणालीस, आत्या, सगळ्याच्या वर, सुईसारखी शीळ आहे, पक्षी तिच्याखाली बुडालाय. मला शीळ ऐकू आली नाही. तू लॅपटॉपवर एक सरळ रेघ दाखवलीस, तीन आठवडे एकसारखी चाललेली. मी म्हणाले, आवाज ओळखायला आता चित्रं लागतात का? काउंटरवर चार गिऱ्हाइकं उभी होती आणि माझ्या नाकावर राग आला होता. मी म्हणाले तुझ्या माइकची वायर खराब असेल, तुझं जोडणं ढिलं असेल, स्वतःच्या धांदरटपणाचं खापर माझ्या डबीवर फोडू नकोस. हा कान चाळीस वर्षं बाजारात चाललाय, असंही म्हणाले. तू वायर नीट गुंडाळलीस, डबी काउंटरवर ठेवलीस आणि प्लायवूडपलीकडे बाबाला न भेटताच गेलीस. गिऱ्हाइकांपैकी एक जण म्हणाला, आजकालची मुलं. मी त्याला हो म्हणाले. त्या हो ची मला आता सगळ्यात जास्त लाज वाटते.

आता तीन महिन्यांपूर्वीची गोष्ट ऐक. शाळेत गाणं शिकवणाऱ्या बाई आहेत ना, त्यांचा हातात धरून न्यायचा छोटा स्पीकर मोठ्या बॅटरीवर चालावा म्हणून मी त्यांना तसलीच, तोडणारी डबी करून दिली होती. त्या तिसऱ्यांदा परत आल्या. गाणं थांबलं की शीळ वाजते आणि मुलं कान झाकतात, म्हणाल्या. मी दोनदा त्यांना वाटेला लावलं होतं. मुलांना काय, निमित्तच हवं असतं, म्हणून. तिसऱ्यांदाही तेच म्हणणार होते, तेवढ्यात धाकटा दोन कप चहा घेऊन आत आला आणि दारातच थांबून म्हणाला, ताई, ही तुझी शीळ परत सुरू झाली का? मी विचारलं, परत म्हणजे? तर म्हणतो, दोन वर्षांपूर्वी जेवणाच्या टेबलावर वाजत होती ना, तीच. मी नाही का तेव्हा सदरा घेऊन आतल्या खोलीत शिवायला गेलो? ठकू, तुझा बाप ती शीळ ऐकून उठून आत गेला होता आणि बोलला नव्हता! का, तर म्हणे माझं मशीन खडखडतं तशी तुझी डबी शिट्टी मारत असेल, तिचा तो धर्मच असेल असं वाटलं. शिवाय कानवाल्या बाईंच्या घरात आवाजाचं शिंप्याला कोण विचारतं? हे तो अगदी साधेपणानं म्हणाला, टोमणा नव्हता. म्हणूनच ते जास्त लागलं.

बाई गेल्यावर मी तुझी डबी खणातून काढली. टाकवत नव्हती म्हणून ठेवलेली. धाकट्याला भिंतीकडे तोंड करून बसवलं, हातात उसवण दिली आणि सांगितलं, शीळ आली की डावं बोट वर कर. मग मी डबी जोडायची, काढायची, जोडायची. त्याच्याच खडूनं टेबलावर खुणा करत गेले. वीस वेळा केलं. मधे एकदा लबाडीही केली, जोडल्यासारखं करून जोडलीच नाही. बोट खालीच राहिलं. विसांपैकी वीस बरोबर. आणि त्या विसांत मला काहीही ऐकू आलं नाही. फक्त टेबलावरचा पंखा आणि त्याच्या कात्रीचा आवाज. नंतर कारणही सापडलं. त्या जातीच्या डबीला भरपूर काम असेल तर ती इतक्या झपाट्यानं चालते की कोणत्याच माणसाला ऐकू जाऊ नये. पण तुझ्या रेकॉर्डरसारखं घोटभर पिणारं काही जोडलं की तिला काम पुरत नाही. मग ती मधेच थांबते, सुरू होते, परत थांबते, आणि त्या थांबण्या-सुरू होण्याची शीळ होते. रिकामी बसली की शिट्टी मारत बसते, आपल्या कोपऱ्यावरच्या रखवालदारासारखी. धाकटा तेव्हाच म्हणाला की आता एक सांगतो, रागावू नकोस. मग त्यानं सांगितलं, ठकू, की तुला कामावर पाठवणाऱ्या तुमच्या मोठ्या बाईंना तू डबीचं नावसुद्धा सांगितलं नाहीस. चूक माझी, मी तपासलं नाही, एवढंच म्हणालीस. आणि बाबाला बजावलंस की आत्याला कळू देऊ नकोस, तिला लागेल.

तुझ्या आईनं मग मला तिच्याच दवाखान्यात कान तपासायला नेलं. काचेच्या खोलीत बसवतात, हेडफोन लावतात, आवाज आला की बटण दाबायचं. सुरुवातीला मी असं दाबत होते की तपासणाऱ्या बाई खूश. मग बराच वेळ काही येईना. मी उठले, दार उघडलं आणि त्यांना सांगितलं की तुमच्या हेडफोनची वायर आतून तुटली आहे, वरच्या पट्टीतलं काही येतच नाही, द्या इकडे, दहा मिनिटांत करून देते. त्या हसल्या नाहीत. हेडफोन स्वतःच्या कानाला लावला, तोच आवाज पुन्हा लावला, ऐकला आणि माझ्याकडे बघून मान हलवली. वायर धड होती. मला काउंटरवर उभी असलेली तू आठवलीस, चिखलाच्या बुटांतली, आणि मी तिथेच खुर्चीवर बसून रडले. तुझी आई बाहेर थांबली होती. तिला वाटलं काही तरी मोठा आजार निघाला. आजारबिजार काही नाही, वय आहे. त्यांनी कागद दिला, त्यावर माझ्या कानाची रेघ आहे. अर्ध्या कागदापर्यंत छान सपाट चालते आणि मग जिन्यावरून पाय घसरावा तशी खाली येते. तुझा पक्षी त्या जिन्याच्या पलीकडे बोलतो. माझं दुकान अलीकडच्या आवाजांवर अजून दहा वर्षं आरामात चालेल, बोलणी आणि गाणी मला लख्ख ऐकू येतात. तेव्हा माझी कीव करू नकोस, ती मला मुळीच नको आहे.

त्यानंतर ही तिसरी डबी केली. आधी तोडणारी जात, पण तिनं बारावरून सातावरच थांबायचं. तिला मी एक छोटा रोधक जोडून कायमचं थोडं काम लावून ठेवलंय, म्हणजे रिकामी बसायला नको आणि शिट्टी नको. पुढे आपला जुना तीन पायांचा तुकडा, सातावरून पाचावर आणायला. म्हणजे तुझ्या त्या उरलेल्या सातांतले पाच वाचवले आणि दोन जाळले. डब्याला हात लावलास तर कोमट लागेल, तेवढी ऊब राहणारच. एक बॅटरी पुरेल, दुसरी न्यायला नको. पत्र्याचा डबा धाकट्यानं स्वतःहून दिला, आणि मशीनवरचं काम बाजूला ठेवून तीन संध्याकाळी माझ्यासमोर पाठमोरा बसला. पहिल्या दिवशी बोट आठ वेळा वर गेलं. मी कॉइल बदलली. दुसऱ्या दिवशी दोनदा. तिसऱ्या दिवशी तुझ्यासारखाच रेकॉर्डर उसना आणून जोडला, चाळीस वेळा जोडला-काढला, त्याचं बोट एकदाही हललं नाही. मला वाटलं झोपला. जाऊन बघितलं तर जागा होता, सदऱ्याची कड अर्धी टाचून झालेली. गाणाऱ्या बाईंनाही अशीच नवीन करून दिली. त्यांच्या वर्गात जाऊन मुलांसमोर सांगितलं की तुम्ही बरोबर होतात आणि मी चूक. एक मुलगी म्हणाली, आम्हाला माहीतच होतं. आता दुकानातून आवाजाची कुठलीही वस्तू बाहेर जायची असली की मी प्लायवूडवर टकटक करते आणि धाकटा येऊन ऐकून जातो. भाव खातो थोडा. खाऊ दे.

आता हे पत्र लिहायचं कारण. पार्सलमध्ये डब्याखाली एक पाकीट आहे, तुमच्या मोठ्या बाईंच्या नावाचं. ते मी चिकटवलेलं नाही. त्यात मी लिहिलंय की त्या तीन आठवड्यांच्या आवाजात जी शीळ आहे ती माझ्या डबीची. ती मी केली, माझ्या कानावर विसंबून केली, तू तपासूया म्हणालीस तेव्हा मी तपासू दिलं नाही, आणि तू कोणाला काही न सांगता दोष अंगावर घेतलास. सोबत विसांच्या खुणांचा कागद आहे, माझ्या कानाच्या रेघेची नक्कल आहे, आणि खाली सही आणि दुकानाचा शिक्का. हे मी परस्पर पोस्टात टाकणार होते. मग वाटलं, एकदा तुला न विचारता मी तुझ्या वतीनं ठरवलं होतं, आता दुसऱ्यांदा नको. वाच, पटलं तर चिकटवून दे, नाही तर फाडून टाक. यादीला अजून बारा दिवस आहेत. डबी मात्र नेण्यापूर्वी तूच तपास. मी ऐकली आहे असं मी या वेळी म्हणू शकत नाही. शीळ सापडली तर इथे येऊन सांग, त्याच काउंटरवर, गिऱ्हाइकांसमोर. माझं चुकलं, ठकू, आणि तुझ्यावाचून मला करमत नाही. पाणथळीवर गेलीस तर येताना त्या पक्ष्याचा आवाज घेऊन थेट दुकानात ये, बूट चिखलाचे असले तरी चालतील. हेडफोन बाबाच्या कानाला लावू. पक्षी बोलला की तो बोट वर करेल, आणि मी त्याच्या बोटाकडे बघत बसेन.

तुझीच,
आत्या